सांबरा ते सांबरा: सायकलवरून एक इतिहासफेरी

बेळगावच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर असलेलं सांबरा बाहेरच्या लोकांना विमानतळामुळेच ठाऊक असतं. विमानातून उतरायचं, टॅक्सी धरायची आणि गावाकडे न बघता बेळगाव गाठायचं. आमच्या मंडळात म्हणूनच मी सुचवलं होतं की बेळगाव परिसराचा इतिहास एकदा सांबऱ्याकडून बघूया, तोही सायकलवरून. मोटारीतून गेलं की फक्त ठिकाणं दिसतात. दोन ठिकाणांमधलं अंतर, म्हणजे कोणतं गाव कशाला लागून आहे आणि कोणता रस्ता कुणाकडे जातो, ते सायकलवर पायांना कळतं.

फेरी अशी: सांबऱ्याहून आधी उलट्या दिशेला पंत बाळेकुंद्रीला जाऊन परत, मग बागलकोट रस्त्याने मुतगा, निलजी करत बेळगावचा किल्ला, तिथून कॅम्प, टिळकवाडी, शहापूर, वडगाव, येळ्ळूर, राजहंसगड, आणि उतरून धामणे, हलगा, बस्तवाड अशा गावांतून परत सांबरा. साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात. चढ म्हणावा असा एकच आहे, राजहंसगडाचा. बाकी सगळा पठारी, हलका उतार-चढाव. गियरची सायकल असली तर बरी, नसली तरी अडत नाही. शाळकरी पोरं रोज त्याच रस्त्यावरनं साध्या सायकली मारत जातात. पावसाळा संपल्यावर निघावं. भात पोटरीत असतं आणि हवेला वास असतो.

आता विमानतळ. हे मैदान १९४२ सालचं, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने महायुद्धाच्या धामधुमीत बांधलेलं. ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी माणसं तयार करायला आणि आग्नेय आशियातल्या मोहिमेला आधार द्यायला हे ठिकाण वापरलं गेलं. स्वातंत्र्यानंतर ते भारतीय हवाई दलाकडे आलं आणि आज तिथे एअरमन ट्रेनिंग स्कूल आहे. भल्या पहाटे कुंपणाजवळून गेलात तर कवायतीच्या आरोळ्या ऐकू येतात. प्रवाशांसाठीची नवी टर्मिनल इमारत २०१७ ची. गावाच्या अंगाने बघितलं तर एवढंच म्हणता येतं की ऐंशीहून जास्त वर्षं हे मैदान वाढतच आलंय आणि प्रत्येक वेळी शेताचा बांध मागे सरकलाय.

या धावपट्टीचा एक दिवस मात्र मोठा आहे: १८ डिसेंबर १९६१. गोव्याच्या मुक्तीसाठी 'ऑपरेशन विजय' सुरू झालं त्या सकाळी सहा हंटर विमानं इथून उडाली आणि त्यांनी बांबोळीचं पोर्तुगीज बिनतारी केंद्र रॉकेट आणि तोफांच्या माऱ्याने बंद पाडलं. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी कॅनबेरा विमानं पुण्याहून आली होती, पण जवळचा तळ सांबराच. पायदळाची जमवाजमवही बेळगावभोवतीच झाली होती, कारण गोव्याला उतरणारे घाटरस्ते इथूनच सुटतात. बेळगाव आणि गोवा यांचं हे नातं १९६१ चं नाही, ते फार जुनं आहे. किल्ल्यावर पोचलो की त्याचा दुसरा टोक हाती लागतो, म्हणून हे लक्षात ठेवा.

पंत बाळेकुंद्री चक्रात बसत नाही, मुद्दाम जावं लागतं. तीन-चार किलोमीटर फक्त. पंतमहाराज बाळेकुंद्रीकर (१८५५ ते १९०५) हे दत्तसंप्रदायातले, अवधूत परंपरेतले सत्पुरुष. दड्डीला जन्म, बेळगावात शाळामास्तरकी, आणि मराठी पदांचा मोठा संग्रह मागे ठेवलेला, 'दत्तप्रेमलहरी'. आमराईत त्यांची समाधी आहे. अश्विनातल्या पुण्यतिथीच्या उत्सवाला बेळगावच्या समादेवी गल्लीतल्या पंतवाड्यातून प्रेमध्वज निघतो आणि लोक बाळेकुंद्रीला येतात. आलेल्यांत मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे दोन्ही असतात आणि पदं सगळे मिळून मराठीत म्हणतात. अर्थ विचारायला कुणी थांबत नाही. मला वाटतं या भागाचा भाषिक इतिहास लिहिणाऱ्याने जनगणनेचे आकडे उघडण्याआधी एकदा त्या आमराईत बसून यावं.

परत सांबरा, आणि मग सरळ पश्चिमेला. हा रस्ता आता रहदारीचा आहे, ट्रक आणि विमानतळाच्या गाड्या, कडेने चालवा. अर्ध्या-पाऊण तासात किल्ल्याच्या तळ्याचं पाणी दिसतं.

बेळगावचा किल्ला भुईकोट आहे, भोवती खंदक. आतला बराच भाग लष्कराच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र जवळ असू द्या आणि फोटो काढण्याआधी विचारा. आत शिरल्यावर सगळ्यात जुनं उभं बांधकाम म्हणजे कमल बस्ती. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने हे जैन मंदिर १२०४ च्या सुमारास उभारलं. छताला लोंबणारं दगडी कमळ आहे, त्याला बहात्तर पाकळ्या. ते मान वर करून बघायचं असतं, आणि बघता बघता मान दुखायला लागते तरी माणूस हलत नाही. गाभाऱ्यात नेमिनाथ. बस्तीला जमिनी दिल्याचे कन्नड शिलालेख होते, तेही त्याच काळचे. ते आज इथे नाहीत, लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ज्या शहराचं तेव्हाचं नाव 'वेणुग्राम' त्या दगडांवर कोरलंय, त्या शहरातल्या माणसाला ते बघायचे तर व्हिसा काढावा लागतो!

थोडं पुढे सफा मशीद. विजापूरच्या आदिलशाहीतला असद खान लारी याने १५१९ मध्ये बांधलेली. तसा फारसी लेख आहे. मशिदीचे खांब मात्र जुने, आधीच्या देवळांतले. त्यांतल्या एका खांबावर ११९९ सालचा रट्टांच्या काळचा लेख आहे, दुसऱ्यावर १२६१ चा, देवगिरीच्या यादव कृष्णाच्या काळचा. रट्ट लेखाची भाषा कन्नड आणि लिपी नागरी. आता बघा, फारसी लेखाची मशीद, तिला आधार देणारा खांब देवळातला, त्यावर कन्नड भाषा, ती नागरी अक्षरांत, आणि शेजारच्या खांबावर ज्या यादवांना आपण महाराष्ट्राचे म्हणून अभिमानाने सांगतो त्यांचं नाव. बेळगाव कुणाचं, हा प्रश्न घेऊन जो कुणी किल्ल्यात शिरेल त्याला या एका इमारतीत चार उत्तरं मिळतात, आणि चारही दगडात कोरलेली.

आमच्याकडे काही जण या लेखांबद्दल बोलायला कां कूं करतात. कन्नड लेख म्हटलं की समोरच्याच्या हाती कोलीत दिल्यासारखं वाटतं. मला ते पटत नाही. १२०४ चा लेख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेचा पुरावा होऊ शकत नाही, ना आपल्या बाजूने ना त्यांच्या. सीमाभागातला मराठी माणूस आपला हक्क मागतो तो आज तिथे राहणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या लोकांच्या जोरावर. तो हक्क सांगायला कमल बस्तीकडे पाठ फिरवायची गरज नाही. शिलालेख वाचणारं मंडळ आपल्याला हवेत तेवढेच वाचू लागलं तर ते इतिहास मंडळ राहत नाही.

आता गोव्याचं ते दुसरं टोक. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने १४७२ च्या सुमारास गोवा घेतलं. ते परत मिळवण्यासाठी विजयनगरच्या बाजूने जी हालचाल झाली तीत बेळगावचा राजा पुढे होता. त्याचा बंदोबस्त करायला गावान आणि खुद्द सुलतान तिसरा महंमद बेळगावच्या खंदकापाशी येऊन बसले. तटाखाली सुरुंग खोदून बारूद भरून तो उडवण्याचा प्रकार या वेढ्यात झाला. फेरिश्ता या इतिहासकाराने त्याचा उल्लेख दख्खनेत नव्या गोष्टीसारखा केलाय. म्हणजे तेव्हा बेळगाव पाडलं ते गोवा राखायला, आणि १९६१ ला बेळगावहून सैन्य उतरलं ते गोवा सोडवायला. खंदकाच्या काठावर सायकल टेकवून उभं राहिलं की पश्चिमेला घाटाकडची क्षितिजरेषा दिसते. नकाशा न उघडता हा सगळा प्रकार समजतो.

पुढचा मोठा वेढा १८१८ चा. पेशवाई बुडत असताना थॉमस मन्रो धारवाडकडून आला, जवळ कवायती सैन्य थोडं आणि गोळा केलेले प्यादे जास्त. २० मार्चपासून १० एप्रिलपर्यंत तीन आठवडे किल्ला लढला आणि मग खाली झाला. त्यानंतर इथला मुलूख कंपनीचा.

किल्ल्यातच रामकृष्ण आश्रम आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले होते. आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे तीन दिवस आणि मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे नऊ दिवस. मित्रांचं घर किल्ल्यातलं, तेच आता जपलंय. शिकागोच्या आधीचे विवेकानंद, म्हणजे नाव फारसं कुणाला ठाऊक नसलेला एक संन्यासी. मराठी वकिलाच्या ओटीवरून बंगाली अधिकाऱ्याच्या घरी गेलेला.

किल्ल्यातून कॅम्पकडे वळलं की ऊन संपतं. रुंद रस्ते, दुतर्फा मोठाली झाडं, कौलारू बंगले. बेळगावला 'गरिबांचं महाबळेश्वर' म्हणायचे ते याच भागामुळे असणार. इथली छावणी १८३० च्या दशकातली, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. सेंट मेरी चर्च दगडी, एकोणिसाव्या शतकातलं. कॅम्पबद्दल सगळीकडे लिहिलेलं सापडतं, म्हणून मी इथे रेंगाळत नाही. एक कुंद्याचं पाकीट घ्या आणि टिळकवाडीला चला.

सायकलफेरीत निसर्ग कुठे, असं कुणी विचारेल. खरं रान बघायचं तर खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, २०११ मध्ये जाहीर झालेलं, बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांसाठी ओळखलं जाणारं. पण ते एका दिवसाच्या चक्रात बसत नाही. आपल्या वाटेवरचं रान म्हणजे टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो. देवीच्या रोगावर लस तयार करायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही संस्था काढली. लस वासरांच्या अंगावर वाढवायची, म्हणून गुरांना चरायला मोकळी जागा लागे. देवी गेली, गुरं गेली, आणि मोकळी जागा झाडांनी भरली. सकाळी फिरायला येणारे लोक, खारी, घारी, मोर. एका रोगामुळे एक जंगल वाचलं असं म्हणायला हरकत नाही. मध्यंतरी शहर सुधारण्याच्या योजनेत इथे बांधकामं निघाली तेव्हा वृक्षप्रेमी मंडळी हटून बसली होती. ती जागरूक आहेत तोवर झाडं आहेत.

इथून जवळच काँग्रेस विहीर. १९२४ च्या डिसेंबरात २६ आणि २७ तारखेला राष्ट्रसभेचं अधिवेशन बेळगावला भरलं. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनाला. अधिवेशनाच्या नगराला 'विजयनगर' नाव दिलं आणि पाण्यासाठी विहीर खोदली तिला 'पंपा सरोवर'. खर्च ४,३७० रुपये ३ आणे. पुढे पाणीटंचाईत शहराला या विहिरीची आठवण झाली आणि तिने पाणीही दिलं.

अधिवेशनाची सगळी उस्तवार गंगाधरराव देशपांड्यांची. हुदलीचे, टिळकांचे पट्टशिष्य, मराठीत वाढलेले, आणि लोकांनी पदवी दिली 'कर्नाटक सिंह'. आजच्या पोरांना हे कोडं वाटतं. पण १९२० मध्ये काँग्रेसने भाषावार प्रांत केले तेव्हा बेळगाव कर्नाटक प्रांतिकात गेलं होतं आणि गंगाधररावांनी तिथे काम केलं. याच अधिवेशनाच्या मांडवात कर्नाटक एकीकरणाची परिषद भरली. हुइलगोळ नारायणरावांचं एकीकरणाचं कन्नड गीत तिथे गायलं गेलं. गांधीजींसमोर स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत पुढे मोठ्या झालेल्या गंगूबाई हनगल होत्या.

आणि याच बेळगावात, बावीस वर्षांनी, मे १९४६ मध्ये, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालच्या मराठी साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला. म्हणजे कर्नाटकाच्या एकीकरणाची मोठी हाक आणि संयुक्त महाराष्ट्राची हाक, दोन्ही एकाच गावातून उठल्या. दोन्हींचं पुढे राज्य झालं, आणि हे गाव मधे राहिलं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला द्यायला सांगितली आणि बेळगाव शहर द्यायचं नाकारलं. अंमल कशाचाच झाला नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. जानेवारी १९५६ आणि जून १९८६ च्या गोळीबारांत माणसं गेली. त्यांची स्मारकं वेगळ्या फेरीची आहेत, हिंडलग्याकडची. त्या फेरीला सायकल नको, चालत जावं.

टिळकवाडीतून शहापूरला जाताना तुम्ही एक सरहद्द ओलांडता, ती आता कुठेच आखलेली नाही. शहापूर हे सांगलीच्या पटवर्धनांचं. बेळगाव ब्रिटिशांचं आणि त्याला चिकटलेलं शहापूर संस्थानी, १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. एका गल्लीत एक कायदा, पुढच्या गल्लीत दुसरा. चिंतामणराव हायस्कूलच्या नावात सांगलीकर अजून राहिलेत. विणकरांची आणि सराफांची वस्ती, हातमागाचा ठोका आता कमी ऐकू येतो, यंत्रमागाचा जास्त.

वडगाव मागे टाकलं की दोन्ही बाजूंनी भातशेती लागते आणि फेरीचा माझ्या आवडीचा भाग सुरू होतो. हीच बेळगाव बासमतीची जमीन. काळी, ओल धरणारी. पूर्वी भात फुलोऱ्याला आलं की येळ्ळूर रस्त्याने जाताना वास यायचा असं जुनी माणसं सांगतात. आताही येतो, पण पट्ट्या-पट्ट्याने. याच शिवारातून बळ्ळारी नाला वाहतो. एकेकाळी तो शेतीला पाणी द्यायचा, आता शहराचं सांडपाणी आणि पावसाळ्यात पूर देतो. हलगा-मच्छे बायपास याच पिकाऊ पट्ट्यातून आखलेला. शेतकऱ्यांनी कोर्टात आणि बांधावर दोन्हीकडे लढा दिला. बांधावर टेकलो होतो तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "गाडी न्हाई व्हय घरात? सायकल कशाला मारूलालासा?" किल्ले बघत फिरतोय म्हटल्यावर म्हणाला, "किल्ला कुठं जातोय? त्यो ऱ्हाणार हाय तिथंच. ही जमीन बघून घ्या आधी."

येळ्ळूर मोठं, जागतं गाव. गावाच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक जुलै २०१४ मध्ये हटवला गेला आणि त्यानंतरच्या लाठीमाराची आठवण अजून ताजी आहे. याच गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, जसं कडोलीला, उचगावला आणि सांबऱ्यालाही भरतं. शेतकरीच मांडव घालतात, शेतकरीच पुढच्या रांगेत बसतात. एवढ्या छोट्या गावांनी स्वतःच्या खर्चाने संमेलनं भरवण्याची ही चाल सीमाभागाची खास आहे.

राजहंसगडाचा चढ शेवटच्या टप्प्यात चांगलाच दम काढतो. उतरून सायकल ढकलायला लाजू नका. गड लहान, तट दगडी, आत सिद्धेश्वराचं देऊळ आणि पाण्याची सोय. बेळगावच्या मैदानी किल्ल्याचा हा टेहळणीचा डोळा. वरून सगळी फेरी दिसते: उत्तरेला शहर, पूर्वेला हवा स्वच्छ असली तर सांबऱ्याच्या बाजूचा सपाट पट्टा, पश्चिमेला सह्याद्री. छत्रपती शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा अलीकडचा. मार्च २०२३ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, त्याचं अनावरण चार दिवसांत दोनदा झालं, २ तारखेला एका पक्षाने आणि ५ तारखेला दुसऱ्या. मराठी मतांची किंमत दोघांनाही कळली होती एवढा त्याचा अर्थ. तटाची पडझड मात्र कुणी अनावरण करावी अशी गोष्ट नाही, ती तशीच बघायला मिळते.

उतार मजेत संपतो. धामणे मार्गे हलग्याला आलं की महामार्गापलीकडे टेकाडावर सुवर्ण विधानसौध दिसतं. ११ ऑक्टोबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी उद्घाटन केलेली ही पांढरी प्रचंड इमारत हिवाळी अधिवेशनाचे थोडे दिवस गजबजते आणि बाकी वर्षभर शांत असते. तीही हलगा-बस्तवाडच्या शिवारातच उभी आहे. महामार्ग ओलांडताना सावकाश, तिथे वाहनं जोरात येतात.

तिथून सांबऱ्यापर्यंत गाडीवाट आणि डांबरी रस्ता आलटून पालटून. ऊस, भाजी, भात. आता शहराभोवतीच्या रिंगरोडची आखणीही अशाच गावांच्या जमिनींवरून झालीय, आणि गावागावांतून हरकती गेल्यात.

मला या फेरीत सारखं जाणवत राहिलं ते हे की राजांच्या दानाची नोंद दगडावर आहे, वेढ्यांची नोंद तवारिखांत आहे, अधिवेशनाच्या विहिरीचा खर्च तीन आण्यांपर्यंत लिहिलेला आहे. १९४२ मध्ये सांबऱ्याची धावपट्टी झाली तेव्हा ज्यांनी नांगर सोडले त्यांची नोंद लोकांच्या घरात आहे: नोटिसा, भरपाईच्या पावत्या, जुने उतारे, ट्रंकेच्या तळाशी. तेव्हा जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या पुढे आहेत. सांबरा, मुतगा, बाळेकुंद्री, निलजी इथल्या ज्या घरांत असे कागद असतील त्यांनी ते मंडळाला दाखवावेत. कागद आम्ही नेणार नाही, तुमच्याच ओसरीवर बसून फोटो काढू आणि आजोबा-आजींचं बोलणं त्यांच्याच भाषेत लिहून घेऊ. सायकलवरच येऊ.